स्लीप, हायबरनेट आणि एसएसडीचं आयुष्य: कोणती सेटिंग झीज करते आणि ती कशी बदलायची

कॉम्प्युटर दिवसातून दहा वेळा स्लीपला गेला तर एसएसडी लवकर मरते का, असं बरेच जण विचारतात. हार्ड डिस्कच्या काळात या प्रश्नाला अर्थ होता. तिथे मोटर सुरू-बंद व्हायची, हेड वर-खाली व्हायचं आणि या हालचालींची संख्या मोजकीच असायची. एसएसडीत हलणारं काहीच नाही. तिची झीज होते लिहिण्यामुळे. तिच्या फ्लॅश चिपमधल्या पेशीत डेटा लिहिताना आणि पुसताना इन्सुलेशनच्या अतिशय पातळ थरातून इलेक्ट्रॉन ढकलले जातात आणि दरवेळी तो थर थोडा खराब होतो. टीएलसी प्रकारची (तीन बिट ठेवणारी) पेशी साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसून लिहिता येते, चार बिट ठेवणारी क्यूएलसी त्याहून कमी.

म्हणून पॉवरच्या प्रत्येक सेटिंगला एकच प्रश्न विचारायचा: ही सेटिंग डिस्कवर काही लिहिते का, आणि लिहीत असेल तर दिवसातून किती वेळा किती जीबी? ‘स्लीप’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचं उत्तर एकसारखं नाही.

साध्या स्लीपमध्ये, ज्याला एस३ म्हणतात, रॅमला थोडी वीज मिळत राहते आणि सगळं उघडं काम रॅममध्येच थांबतं. झोपण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कच्या कॅशमधलं अर्धवट लिखाण पूर्ण करून घेते, डिस्कला आता वीज जाणार असल्याची सूचना देते आणि मग डिस्कची वीज बंद होते. यात लिहिलं जातं ते किरकोळच. एसएसडीच्या दृष्टीने ही सगळ्यात स्वस्त झोप.

हायबरनेटमध्ये रॅममधला वापरात असलेला भाग कॉम्प्रेस करून डिस्कवर लिहिला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. विंडोजमध्ये हा मजकूर सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या हायबरफिल नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये जातो. विंडोज १० आणि ११ मध्ये ही फाइल रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा अडवते. फाइल ६.४ जीबीची दिसली म्हणजे दरवेळी ६.४ जीबी लिहिले जातात असं मात्र नाही. ती राखून ठेवलेली जागा आहे. प्रत्यक्ष लिखाण त्या वेळी रॅम किती भरली होती आणि त्यातला डेटा किती दाबला गेला यावर ठरतं. ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे ठेवून हायबरनेट करणं आणि ते बंद करून करणं यात काही जीबींचा फरक पडतो.

हायब्रिड स्लीप म्हणजे या दोन्हींची बेरीज. मशीन रॅमवरच झोपतं, पण वीज गेली तर काम वाचावं म्हणून झोपण्याआधी रॅमची प्रत डिस्कवरही लिहून ठेवतं. एस३ असलेल्या डेस्कटॉपवर विंडोजमध्ये हे बहुधा आधीपासून चालू असतं. वापरणाऱ्याला वाटतं आपण साधं ‘स्लीप’ दाबतोय, आणि दर झोपेला डिस्कवर कित्येक जीबी जात असतात. एसएसडीची काळजी असेल तर सगळ्यात आधी हीच सेटिंग बघा.

फास्ट स्टार्टअप विंडोज ८ पासून आहे. तुम्ही ‘शट डाउन’ करता तेव्हा उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांचं छोटं हायबरनेशन केलं जातं. हे लिखाण पूर्ण हायबरनेटपेक्षा बरंच कमी असतं. दिवसातून एकदा शट डाउन करणाऱ्याने झिजेच्या भीतीने ते बंद करण्याची गरज नाही.

शेवटचा प्रकार मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे एस० लो पॉवर आयडल. नव्या लॅपटॉपमध्ये एस३ अनेकदा नसतोच, त्याच्या जागी हा असतो. स्क्रीन बंद असते, पण मशीन अधूनमधून जागं होऊन मेल घेतं, अपडेट तपासतं. लिखाण थोडं-थोडं चालू राहतं, पण ते हायबरनेटच्या जवळपासही जात नाही. इथे त्रास वेगळा आहे आणि तो उष्णतेचा. बंद बॅगेत मशीन जागं राहिलं तर आतलं तापमान चढतं, आणि गरम फ्लॅशमधला साठवलेला विद्युतभार लवकर गळतो.

आधी बघा, मग बदला

तुमचं मशीन यातलं काय काय करतं हे विंडोज स्वतःच सांगतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजीत ‘पॉवर’ हा शब्द आणि त्याला लागूनच सी, एफ, जी ही अक्षरं टाइप करा, एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि ए हे अक्षर द्या, एंटर दाबा. उपलब्ध प्रकारांची यादी वर येते, उपलब्ध नसलेले कारणासकट खाली. ‘हायब्रिड स्लीप’ वरच्या यादीत असेल तर पुढच्या सूचना तुमच्यासाठी आहेत. ‘स्टँडबाय (एस० लो पॉवर आयडल)’ असेल तर हायब्रिडचा प्रश्नच उरत नाही.

आता लिखाण मोजा. अंदाजावर सेटिंग बदलू नका, कारण बऱ्याच मशीनवर आकडा इतका लहान निघतो की काहीच करायची गरज नसते. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ‘टोटल होस्ट राइट्स’, म्हणजे डिस्कवर आजवर एकूण किती लिहिलं गेलं, ते दाखवतो. लिनक्स आणि मॅकवर स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाकून त्यातली स्मार्टसीटीएल कमांड वापरता येते. पद्धत अशी:

१. नेहमीसारखे प्रोग्रॅम उघडा, पाच मिनिटं थांबा, आकडा लिहून घ्या.
२. तुम्ही रोज ज्या पद्धतीने झोपवता त्याच पद्धतीने मशीन झोपवा. दोन मिनिटांनी उठवा.
३. उठल्याबरोबर आकडा पुन्हा बघा. हेच पाच वेळा करून सरासरी काढा.

एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या डिस्कवर ‘डेटा युनिट्स रिटन’ हा आकडा दिसतो. तिथलं एक युनिट म्हणजे ५१२ बाइटचे एक हजार तुकडे, म्हणजे ५,१२,००० बाइट. दोन नोंदींत ९,४०० युनिटांचा फरक असेल तर ९,४०० गुणिले ५,१२,०००, म्हणजे साधारण ४.८ जीबी लिहिले गेले. साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कवर हाच आकडा बहुधा २४१ क्रमांकाच्या ओळीत असतो, पण त्याचं एकक कंपनीनुसार बदलतं: कोणी ५१२ बाइटचे सेक्टर मोजतं, कोणी थेट जीबी. म्हणून साटासाठी कच्च्या आकड्यावर न जाता प्रोग्रॅमने रूपांतर करून दिलेला आकडा घ्या.

पाच वेळा मोजूनही फरक काही एमबीच्या आसपासच राहिला, तर तुमची झोप डिस्कवर लिहीत नाही. मग थेट पुढचा ‘डिस्कलाही जागेपणीचा वेळ लागतो’ हा भाग वाचा.

हिशेब

एसएसडीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो. वॉरंटीच्या हिशेबात किती टेराबाइट लिहिता येतील ते तो सांगतो. क्रूशियल एमएक्स५०० च्या ५०० जीबी मॉडेलला तो १८० आहे, सॅमसंग ९७० इव्होच्या १ टीबी मॉडेलला ६००. तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या पानावर मिळेल.

१६ जीबी रॅमचा लॅपटॉप घ्या. एका हायबरनेटला ५ जीबी, दिवसातून चार वेळा, म्हणजे रोज २० जीबी आणि वर्षाला ७.३ टीबी. १८० टीबीडब्ल्यूच्या डिस्कला हे एकटं लिखाण संपवायला चोवीस वर्षांहून जास्त लागतील. अशा माणसाने हायबरनेट बंद करून मिळवायचं काहीच नाही, आणि गमावण्यासारखं बरंच आहे.

आता ६४ जीबी रॅमचं वर्कस्टेशन घ्या. व्हर्च्युअल मशीन चालू, रॅम निम्मी भरलेली, हायब्रिड स्लीप चालू आणि स्लीपचा टायमर दहा मिनिटांवर. एका झोपेला १५ जीबी आणि दिवसात बारा झोपा धरल्या तर रोज १८० जीबी, वर्षाला ६५.७ टीबी होतात. तीच १८० टीबीडब्ल्यूची डिस्क फक्त झोपेपायी पावणेतीन वर्षांत वॉरंटीचा आकडा गाठेल. सेटिंग बदलायची ती अशा ठिकाणी. रॅम जास्त, डिस्क लहान किंवा क्यूएलसीची, आणि टायमर छोटा, हे तिन्ही जुळले की बोजा वाढतो.

या हिशेबात झोपांची संख्या अनेकदा चुकते, कारण मशीन आपल्या नकळत उठतं. रात्री माउस हलला किंवा नेटवर्क कार्डावर एखादा संदेश आला की विंडोज जागं होतं. समोर कोणी नसलं तर तुमचा तीस मिनिटांचा टायमर लागू होत नाही. अशा आपोआप जाग येण्यासाठी वेगळा टायमर असतो आणि तो सहसा दोन मिनिटांचा. दोन मिनिटांत पुन्हा झोप, आणि हायब्रिड चालू असेल तर पुन्हा रॅमची पूर्ण प्रत डिस्कवर. एका रात्रीत असं आठ वेळा झालं तर दिवसभराच्या कामापेक्षा जास्त लिखाण होऊन बसतं.

उपाय सोपा आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडून माउसच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जा आणि ‘अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ वरची खूण काढा. कीबोर्डची खूण राहू द्या, उठवायला काहीतरी लागतंच. नेटवर्क कार्डाची खूण पूर्ण काढा. दुरून मशीन उठवायची गरज असेल तर ‘ओन्ली अलाउ अ मॅजिक पॅकेट’ (म्हणजे खास मशीन उठवण्यासाठी पाठवलेला संदेश) एवढंच ठेवा. शेवटच्या वेळी कशामुळे जाग आली हे त्याच पॉवर कमांडला तिरकी रेघ आणि ‘लास्टवेक’ हा जोडून लिहिलेला शब्द दिला की कळतं.

डेस्कटॉपवर काय लावावं

कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे चालू प्लॅनसमोरचं ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, मग ‘चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’. उघडलेल्या चौकटीत ‘स्लीप’ हा गट विस्तारून बघा:

– ‘अलाउ हायब्रिड स्लीप’ ऑफ करा. यानंतर झोपेत वीज गेली तर न जतन केलेलं काम जाईल. यूपीएस असेल किंवा जागेवरून उठण्याआधी जतन करायची सवय असेल तरच हे करा.
– ‘हायबरनेट आफ्टर’ नेव्हरवर, म्हणजे शून्यावर.
– ‘स्लीप आफ्टर’ ३० मिनिटं. वीज वाचवायची तर स्क्रीनचा टायमर पाच मिनिटांवर आणा. स्क्रीन बंद करायला डिस्कवर एक बाइटही लिहावी लागत नाही.

सी ड्राइव्ह लहान असून जागाही हवी असेल तर हायबरनेशन मुळापासून बंद करता येतं: तीच पॉवर कमांड, तिरकी रेघ आणि एच, मग एक जागा सोडून ‘ऑफ’. हायबरफिल फाइल लगेच नाहीशी होते. सोबत हायब्रिड स्लीप आणि फास्ट स्टार्टअपही जातात, हे लक्षात असू द्या. परत हवं असेल तर ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’.

लॅपटॉपवर हायबरनेट बंद करू नका

बॅटरी अगदी तळाला गेली की विंडोज मशीन हायबरनेट करून काम वाचवतं. हायबरनेट बंद असेल तर तो आधार निघून जातो. मॉडर्न स्टँडबायवर तर डिस्क चालू अवस्थेच्या जवळ असताना बॅटरी संपू शकते आणि अचानक वीज जाणं हे एसएसडीसाठी पाच जीबी लिहिण्यापेक्षा वाईट. बॅटरीवर स्लीप १५ मिनिटांनी आणि हायबरनेट १८० मिनिटांनी, अशी जोडी चांगली चालते. जेवायला उठलात तर मशीन रॅमवरच झोपतं, आणि रात्रभर पडून राहिलं तरच एकदा लिखाण होतं. त्याच चौकटीतल्या ‘बॅटरी’ गटात ‘क्रिटिकल बॅटरी ॲक्शन’ हायबरनेटवर आहे ना ते बघा. बॅटरी जुनी असेल तर ‘क्रिटिकल बॅटरी लेव्हल’ पाचवरून आठ-दहा टक्क्यांवर न्या, कारण जुन्या बॅटरीचे शेवटचे पाच टक्के भरवशाचे नसतात. बॅगेत घालण्याआधी मात्र हाताने हायबरनेट करा. तापण्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

डिस्कलाही जागेपणीचा वेळ लागतो

अतिकाळजीने टायमर दोन-तीन मिनिटांवर आणणारे इथे उलटं नुकसान करून घेतात. एसएसडी मोकळ्या वेळात आपली आवराआवर करते. नव्याने आलेला डेटा ती आधी वेगवान एसएलसी कॅशमध्ये (पेशीत एकच बिट लिहिणाऱ्या भागात) घेते आणि निवांतपणे टीएलसी किंवा क्यूएलसी भागात हलवते. अर्धवट रिकामे झालेले ब्लॉक (पेशींचे गट) गोळा करून पुसून ठेवते, त्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. या सगळ्याला वीज लागते. एस३ मध्ये डिस्क बंद असल्याने तिथे ही कामं होत नाहीत. ५० जीबीची कॉपी संपताक्षणी मशीन झोपवलं तर ते काम पुढच्या वेळेवर ढकललं जातं, आणि मग ते तुमच्या लिखाणाच्या मध्येच, घाईत करावं लागतं. मोठ्या कॉपीनंतर दहा-पंधरा मिनिटं मशीन नुसतं जागं ठेवा.

ट्रिमचंही तसंच. कोणते ब्लॉक आता नकोत हे ट्रिम डिस्कला सांगतो. ते न कळल्यास डिस्क पुसलेल्या फाइलचा कचराही जपून इकडून तिकडे हलवत राहते, म्हणजे फुकटचं लिखाण. फाइल पुसताना विंडोज ट्रिम पाठवतंच, शिवाय आठवड्यातून एकदा संपूर्ण डिस्कवर फिरवतं. हे दुसरं काम स्वयंचलित देखभालीत होतं, जिची ठरलेली वेळ रात्री २ ची असते. त्या वेळी मशीन झोपलेलं किंवा बंद असेल तर ते नंतरच्या मोकळ्या वेळेवर जातं. आणि दोन मिनिटांत झोपणाऱ्या मशीनला मोकळी वेळ अशी नसतेच.

स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ शोधून उघडा आणि ‘लास्ट रन’ची तारीख बघा. महिनाभर जुनी असेल तर ‘ऑप्टिमाइझ’ दाबा. एसएसडीवर हे बटण ट्रिम पाठवण्यासाठी आहे, ते दाबायला घाबरू नका. मग देखभालीची वेळ तुम्ही जेवायला उठता त्या वेळेवर आणा: कंट्रोल पॅनल, सिक्युरिटी अँड मेंटेनन्स, मेंटेनन्स, ‘चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज’. डिस्कची १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवलीत तर ही आवराआवर कितीतरी हलकी होते.

‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’

ही सेटिंग फिरणाऱ्या डिस्कसाठी आहे. तिने एसएसडीचं आयुष्य वाढत नाही. एसएसडी काही काम नसताना काही मिलिसेकंद ते सेकंदांत आपणहून कमी विजेच्या अवस्थेत जाते. मशीनमध्ये फक्त एसएसडी असेल तर इथे शून्य ठेवा. काही साटा एसएसडी या टायमरनंतर उठताना काही सेकंद अडकतात, तो त्रासही जातो. सोबत हार्ड डिस्क असेल तर २० मिनिटं राहू द्या.

उठत नसेल तर पॉवर बटण दाबून धरू नका

निदान लगेच तरी नको. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर काम पुरं करण्याइतके कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) नसतात. कुठला डेटा कुठल्या पेशीत आहे याचा नकाशा लिहिला जात असतानाच वीज तोडली तर फाइल सिस्टीम बिघडू शकते, क्वचित डिस्क दिसेनाशी होते. स्क्रीन काळी पण डिस्कचा दिवा लुकलुकतोय म्हणजे हायबरनेटमधून रॅम भरली जात असेल. दोन मिनिटं द्या. स्मार्ट माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा असतो. तो आज लिहून ठेवा. महिन्याभरात बराच वाढला आणि तुम्ही तर कधी जबरदस्तीने बंद केलं नाही, तर मशीन झोपेत डिस्कची वीज नीट सोडत नाहीये. बायॉस, चिपसेट ड्रायव्हर आणि एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्रॅम) या क्रमाने अपडेट करा. फर्मवेअरआधी बॅकअप घ्यायचाच.

यूएसबीवरच्या एसएसडीला हेच जास्त लागू आहे. काही मशीन झोपताना यूएसबीची वीज तोडतात. झोपवण्याआधी डिस्क इजेक्ट करा, निदान चालू कॉपी असताना झाकण लावू नका.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असतील तर फास्ट स्टार्टअप मात्र बंदच करा. विंडोज अर्धवट झोपेत असताना लिनक्सने विंडोजच्या पार्टिशनमध्ये लिहिलं तर फाइली खराब होतात. ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’मध्ये जाऊन, वरचं ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ दाबलं की ती खूण काढता येते.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर ‘हायब्रिड स्लीप’ऐवजी ‘सस्पेंड देन हायबरनेट’ निवडा. पहिला प्रकार दर झोपेला लिहितो, दुसरा ठरलेला वेळ उलटल्यावरच, आणि हा वेळ सिस्टमडीच्या स्लीप सेटिंगमध्ये देता येतो. सिस डिरेक्टरीतल्या पॉवर फोल्डरमधली मेम, अंडरस्कोर, स्लीप अशा जोडून लिहिलेल्या नावाची फाइल वाचा. चौकटी कंसात ‘डीप’ असेल तर तो एस३, ‘एस२आयडल’ असेल तर मॉडर्न स्टँडबायचा भाऊ. ट्रिमसाठी एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर चालू आहे का तेही तपासा.

मॅकवर पीएमसेट कमांडला ‘-जी’ दिलं की हायबरनेटमोड दिसतो. डेस्कटॉपवर ० असतो, म्हणजे डिस्कवर प्रत नाही. मॅकबुकवर ३ असतो, म्हणजे रॅम चालू आणि डिस्कवरही प्रत. तो ० करण्याचा सल्ला बराच फिरतो. मॅकबुकवर तो पाळू नका, बॅटरी संपली की उघडं काम जातं.

महिनोन्महिने ठेवून देताना

मशीन स्लीपमध्ये ठेवून कपाटात टाकू नका. पूर्ण शट डाउन करा आणि थंड जागी ठेवा. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने लिखाणाचा ठरलेला कोटा संपल्यावरही विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवायला हवा. नवी डिस्क त्याहून बरीच जास्त टिकवते, पण तापमान वाढलं की मुदत झपाट्याने घटते. सहा महिन्यांतून एकदा मशीन चालू करून दोन-तीन तास नुसतं सुरू ठेवा आणि एकमेव प्रत तिच्यावर असेल तर दुसरीकडे काढून घ्या.

वर्षातून दोनदा स्मार्टमधला ‘पर्सेंटेज यूज्ड’ बघा. तो १०० झाला म्हणजे डिस्क त्याच दिवशी बंद पडते असं नाही, कंपनीने गृहीत धरलेली झीज पूर्ण झाली एवढाच त्याचा अर्थ. ‘अव्हेलेबल स्पेअर’ (शिल्लक राखीव जागा) घसरू लागला किंवा ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्यावरून हलला, तर स्लीपच्या सेटिंग बदलत बसू नका. त्याच दिवशी बॅकअप घ्या आणि नवी डिस्क लावा.